उसाच्या रानातून विजेची वाट

फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर शेतकऱ्यांनी बेमुदत धरणं धरलं होतं. पुढे होते माजी खासदार राजू शेट्टी आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते. मागणी एका ओळीची होती: शेतीला दिवसा दहा तास वीज द्या.

या मागणीमागची रात्र शहरात राहणाऱ्याला सहसा दिसत नाही. शेतीपंपांना वीज पाळीपाळीनं मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस जेवून रानात जातो. डोक्याला बॅटरी, खांद्यावर खोरं. लाईट आली की स्टार्टरचं बटण दाबायचं, पाटाचं पाणी सरीत वळवायचं आणि ते शेवटच्या टोकापर्यंत पोचलं का हे बघायला डोक्याएवढ्या उसात शिरायचं. उसाच्या पानाची धार हाताला, मानेला कापत जाते. पायाखाली चिखल असतो आणि त्या चिखलात साप असू शकतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत तर गव्यांचा कळप कधी समोर येईल सांगता येत नाही. मध्येच लाईट गेली, तर ती परत येईपर्यंत बांधावर बसून राहायचं. पहाटे घरी यायचं आणि सकाळी धारा काढायला पुन्हा उठायचं.

त्या धरण्यातल्या मागणीचं उत्तर आज सगळ्यांच्या तोंडी आहे: सौर ऊर्जा. ती दिवसाच तयार होते आणि शेतकऱ्यालाही दिवसाच हवी आहे. राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आधी ७ हजार मेगावॅटचं असलेलं उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटपर्यंत नेलं गेलं. गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभे करायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फिडरवर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या वाहिनीवर, सोडायची, अशी ही योजना आहे. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते.

पॅनेल उभी करणं हे आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते पुढचं काम. तयार झालेली वीज वाहून नेणाऱ्या तारा, त्या तोलून धरणारे मनोरे, दाब कमी-जास्त करणारी उपकेंद्रं आणि हे सगळं ज्यांच्या रानातून जातं त्या माणसांची संमती, या चार गोष्टी जमल्याशिवाय छपरावरची, माळावरची किंवा डोंगरावरची वीज मोटारीपर्यंत पोचत नाही. कोल्हापूर जिल्हा या चारही गोष्टींच्या मधोमध उभा आहे.

तीन राज्यांचा चौक

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीला लागून तळंदगे गाव आहे. तिथे राज्याच्या महापारेषण कंपनीचं ४०० केव्हीचं, म्हणजे चार लाख व्होल्टचं, उपकेंद्र आहे. लांबून पाहिलं तर पोलादी सांगाड्यांचं रान वाटतं. कुंपणाजवळ गेलं की ट्रान्सफॉर्मरचा एकसुरी घुंईऽऽ असा आवाज ऐकू येतो. पावसाळी हवेत तारांजवळ बारीक तडतडही होते. मनोऱ्यांना तारा थेट बांधलेल्या नसतात. बशांवर बशा रचाव्यात तशा चकत्यांच्या लांब माळांना त्या लटकलेल्या असतात, कारण तारेतली वीज पोलादात उतरू द्यायची नसते. आवारात सगळीकडे खडी अंथरलेली असते. ती शोभेसाठी नसते. बिघाडाच्या वेळी जमिनीत वीज उतरली, तर चालणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दोन पायांमध्ये धोकादायक दाब तयार होऊ शकतो. खडीच्या थरामुळे तो धोका कमी होतो.

राज्य वीज मंडळाचं ६ जून २००५ रोजी विभाजन झालं. तेव्हापासून वीज तयार करण्याचं काम महानिर्मितीकडे, मोठ्या दाबानं ती वाहून नेण्याचं काम महापारेषणकडे आणि घरा-शेतापर्यंत पोचवण्याचं काम महावितरणकडे आहे. वीज गेली की लोक महावितरणला फोन करतात. मधल्या महापारेषणचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नसतं. पण नव्या ऊर्जेची खरी परीक्षा याच मधल्या टप्प्यात आहे.

कोल्हापूरचं या टप्प्यातलं स्थान मोठं आहे. इथून ४०० केव्हीची दुहेरी वाहिनी सह्याद्री उतरून गोव्यात म्हापशाला जाते. गोव्याकडे स्वतःची मोठी वीजकेंद्रं नाहीत, त्यामुळे या वाहिनीवर काही घडलं तर तिकडचे दिवे जातात. दक्षिणेला बेळगाव आणि चिकोडीकडे जाणाऱ्या २२० केव्हीच्या जुन्या वाहिन्या आहेत. २०१५ साली धारवाडजवळच्या नरेंद्र इथून कोल्हापूरपर्यंत केंद्र सरकारच्या पॉवरग्रिड कंपनीची भलीमोठी वाहिनी आली. तिचे मनोरे ७६५ केव्हीसाठी बांधलेले आहेत, मात्र सुरुवातीला ती ४०० केव्हीवर चालवायची असं ठरलं होतं. पुढची गरज ओळखून रुंद रस्ता आधी करून ठेवावा आणि गाड्या नंतर वाढवाव्यात, तसं हे नियोजन आहे.

या वाहिनीचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागेल. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिणेतल्या राज्यांचं वीजजाळं उरलेल्या देशापासून वेगळं होतं. तारा नव्हत्या असं नाही, कोल्हापूर-बेळगाव वाहिनी होतीच. अडचण ठेक्याची होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते आणि एकमेकांना जोडलेल्या सगळ्या वीजकेंद्रांना हा ठेका एकसारखा सांभाळावा लागतो. लेझीमच्या पथकात शंभर जण असले तरी पाऊल एकच पडावं लागतं, तसंच हे आहे. दोन पथकांचे ठेके वेगळे असताना त्यांना एकत्र नाचवता येत नाही. त्यामुळे सीमेवरच्या त्या वाहिन्यांवरून एका बाजूचा ठरावीक भाग तोडून दुसऱ्या बाजूला जोडायचा, एवढंच शक्य होतं. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण-उत्तर एका ठेक्यावर आले. नरेंद्र-कोल्हापूर वाहिनीनं त्या जोडणीला दुसरा भक्कम हात दिला. कर्नाटकात वारा आणि ऊन जोरात असताना वीज इकडे येऊ शकते, तिकडे तुटवडा असताना इकडून जाऊ शकते.

दाब इतका वाढवायचा कशासाठी, असा प्रश्न पडतो. तारेतून प्रवाह गेला की तार तापते आणि त्या उष्णतेत वीज वाया जाते. तेवढीच वीज दुप्पट दाबानं पाठवली तर प्रवाह निम्मा लागतो आणि नासाडी थेट चौथ्या हिश्शावर येते. म्हणून लांब पल्ल्याला ४०० आणि ७६५ केव्ही, जिल्ह्यात २२० आणि ११० केव्ही, गावाजवळ ३३ आणि ११ केव्ही आणि शेवटी घरात २३० व्होल्ट अशी ही उतरंड आहे.

बारा महिन्यांची वीज

वीज बाहेरून आणण्याच्या किती तरी आधीपासून कोल्हापूर आणि शेजारचे जिल्हे ती स्वतः तयार करत आले आहेत. भोगावती नदीवर राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. पैशाअभावी रखडलेलं ते काम स्वातंत्र्यानंतर पुरं झालं आणि पायथ्याशी छोटं वीजगृह उभं राहिलं. सातारा जिल्ह्यात कोयना जलविद्युत प्रकल्प आहे. १९६० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं वाढत गेलेला हा प्रकल्प आज १,९६० मेगावॅटचा आहे.

त्यानंतर वारा आला. १९९४ मध्ये सिंधुदुर्गातल्या देवगडजवळ जामसंडे इथे राज्यातला पवनऊर्जेचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला. पुढे पाटण तालुक्यातलं वनकुसवडे आणि साताऱ्याजवळचं चाळकेवाडी ही पठारं पवनचक्क्यांनी भरली. सांगली जिल्ह्यात जत आणि कवठेमहांकाळच्या माळांवरही पाती फिरू लागली.

कोल्हापूरला नवी वीज मात्र उसातून मिळाली. रस काढून झाल्यावर उरणारा भुसा म्हणजे बगॅस. पूर्वी कारखाने तो जाळून आपल्यापुरती वाफ करत. जास्त दाबाचे बॉयलर आणि टर्बाइन आल्यावर त्याच भुशापासून कारखान्याची गरज भागून वर विकण्याइतकी वीज निघू लागली. वारणानगर, कागल, हुपरी, शिरोळ, बिद्री अशा ठिकाणच्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते. धुराडं पेटलं की साखर तयार होते आणि तारेवर वीजही चढते. या कारखान्यांमुळे इथल्या जाळ्याला एक मोठा धडा फार लवकर मिळाला. वीज नेहमी लांबच्या मोठ्या केंद्राकडून गावाकडे वाहते असं नाही. ती गावाकडून जाळ्याकडेही येते, आणि उपकेंद्रातली संरक्षक यंत्रणा दोन्ही दिशांसाठी तयार ठेवावी लागते.

आता हे सगळं वर्षाच्या चक्रावर मांडून पाहा. जून ते सप्टेंबर पठारावर वारा सुटतो, तेव्हा पवनचक्क्या भरात असतात. ढगांमुळे सौर वीज तेव्हा कमी असते. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत उसाची वीज मिळत राहते. फेब्रुवारीपासून ऊन तापू लागतं, उसाला पाणी जास्त लागतं, नेमकी तेव्हाच सौर वीज वाढते. आणि या तिन्हींत कमी पडेल तिथे कोयनेचं पाणी आहे. वारा, ऊस, ऊन आणि पाणी एकमेकांच्या पाळ्या सांभाळतात, असा हा प्रदेश आहे. देशात असे पट्टे फार नाहीत.

पण ही चारही माणसं वेगवेगळ्या गावची आहेत. वारा पाटणच्या पठारावर, ऊस पंचगंगा-वारण्याच्या काठी, मोकळी आणि स्वस्त जमीन पूर्वेकडच्या दुष्काळी माळावर आणि पाणी सह्याद्रीच्या पोटात. त्यांना एकत्र आणणारी तार कमी पडली, तर चारही असूनसुद्धा उपयोग होत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधल्या भट्ट्या, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि नदीकाठच्या उपसा योजना यांना वीज हवी ती याच तारेवरून.

संध्याकाळी सातचा प्रश्न

दुपारी एक वाजता सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सातला ती शून्य असते. त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, पंखे सुरू होतात. दिवसभर कमी ठेवलेली केंद्रं दोन-तीन तासांत झपाट्यानं वर आणावी लागतात. कोळशाच्या संचाला हे जमायला वेळ लागतो. कोयनेसारखं जलविद्युत केंद्र काही मिनिटांत भार उचलतं. म्हणून कोयनेचं पाणी हे या पट्ट्याचं राखीव धन आहे. मात्र कृष्णा पाणीवाटप लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. वीज वाढवायची म्हणून हवं तितकं पाणी कोकणात सोडता येत नाही.

त्यामुळे तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याचा मार्ग पुढे आला. दुपारी जास्तीच्या सौर विजेवर खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. चढवताना लागते त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश वीज परत मिळते. राज्यात घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यात पाटगाव इथे २,१०० मेगावॅटचा खासगी प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा लोकांनी जोरदार विरोध केला. पाटगाव हे मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. भोवती पश्चिम घाटाचं जंगल आहे आणि तिथल्या धरणाचं पाणी वेदगंगेच्या काठची शेती जगवतं. पहिल्या भरणीचं पाणी कुठून येणार, दरवर्षी किती उचललं जाणार, वीज वाहून नेणारे मनोरे कोणत्या जंगलातून जाणार, हे त्या लोकांचे प्रश्न आहेत. ते विकासाला आडवे येणारे प्रश्न म्हणून बाजूला सारता येत नाहीत. साठवण हवी आहे, हे खरं. ती कुठे करायची याचं उत्तर पाण्याचा आणि रानाचा हिशेब मांडूनच द्यावं लागेल.

दुसरा मार्ग वापराची वेळ हलवण्याचा आहे. शेतीचा भार रात्रीवरून दिवसावर आणणं हे त्यातलं सगळ्यात मोठं पाऊल. घरगुती ग्राहकांसाठीही स्मार्ट मीटर असेल तर दिवसा वापरलेल्या विजेला सवलतीचा दर देण्याची पद्धत राज्यात २०२५ पासून सुरू झाली. पिठाची गिरणी, वॉशिंग मशीन, टाकीत पाणी चढवणारी मोटर दुपारी चालवली, तर संध्याकाळच्या तारेवरचा ताण तेवढा हलका होतो.

प्रकल्प आधी, तार मागून

सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो. मोठ्या दाबाच्या वाहिनीला सर्वेक्षण, मंजुरी, जमिनीचा मार्ग, वनखात्याची परवानगी, रेल्वे आणि महामार्ग ओलांडण्याची परवानगी असं सगळं धरून तीन ते पाच वर्षं सहज जातात. या दोन वेगांमधली दरी हीच आजची खरी अडचण आहे. राजस्थानात २०२५ मध्ये हजारो मेगावॅटचे सौर प्रकल्प तयार होते, पण वाहून नेणाऱ्या तारा पुऱ्या नव्हत्या. भर उन्हात तयार होऊ शकणारी वीज बंद ठेवावी लागली.

केंद्रीय वीज प्राधिकरणानं डिसेंबर २०२२ मध्ये २०३० पर्यंतचा आराखडा दिला. ५०० गिगावॅटहून अधिक बिगरजीवाश्म वीज सामावून घ्यायला त्यात ५०,८९० सर्किट किलोमीटर नव्या आंतरराज्य वाहिन्या आणि सुमारे २ लाख ४४ हजार कोटी रुपये खर्च धरला आहे. राज्यांतर्गत जाळ्यासाठी केंद्रानं हरित ऊर्जा मार्गिका योजना आणली. तिच्या पहिल्या टप्प्यातल्या आठ राज्यांत महाराष्ट्र होता. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सात राज्यं आहेत, त्यात महाराष्ट्र नाही. म्हणजे आपल्या राज्यातल्या नव्या तारांचा मोठा भार महापारेषणच्या आणि पर्यायानं ग्राहकाच्या बिलावर येतो.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं हा क्रम उलटा केला होता. तिथे वारा पश्चिमेकडच्या ओसाड माळावर आणि शहरं पूर्वेकडे. २००५ मध्ये कायदा करून त्यांनी वाऱ्याचे पट्टे आधी ठरवले, तिथपर्यंत वाहिन्या सरकारी नियोजनानं आधी टाकल्या आणि पवनचक्क्या मागून आल्या. २०१४ च्या सुमारास जवळपास ५,८०० किलोमीटरच्या वाहिन्या पुऱ्या झाल्या. सांगली-सोलापूरच्या माळावर पुढच्या पाच वर्षांत किती सौर आणि पवन वीज येणार याचा अंदाज आज करता येतो. तिथून कोल्हापूरच्या उद्योगांपर्यंतची वाट प्रकल्पांचे अर्ज येण्याची वाट न बघता आखायला हवी.

मनोऱ्याखालचं रान

सगळी योजना शेवटी येऊन थांबते ती एखाद्या गटनंबरावर. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापुरातून झालेला विरोध ताजा आहे. इथली जमीन नदीकाठची, बारमाही पाण्याची, तुकड्या-तुकड्यांत वाटलेली आहे. अर्धा-एक एकरावर घर चालवणारी कुटुंबं आहेत. तिथे मनोरा येणं ही किरकोळ गोष्ट नाही.

हिशेब करून पाहू. ४०० केव्हीच्या दुहेरी वाहिनीच्या मनोऱ्याला पायासाठी साधारण पंधरा मीटर लांब-रुंद जागा लागली, तर ती सव्वादोन गुंठे होते. दोन मनोऱ्यांमध्ये सुमारे ४०० मीटर अंतर असतं आणि तारांखाली सुमारे ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे एका गाळ्याखाली साडेचार एकर रान येतं. ७६५ केव्हीच्या दुहेरी वाहिनीला तर हा पट्टा ६७ मीटरच्या घरात जातो. भांडणाचं मूळ इथेच आहे. मनोरा दोन गुंठ्यांचा दिसतो, पण बंधन येतं एकरांवर. तारेखाली ऊस, सोयाबीन घेता येतं. आंबा-नारळाची बाग लावता येत नाही, घर किंवा गोठा बांधता येत नाही, बोअर मारायची गाडी उभी करणं धोक्याचं असतं. उद्या ती जमीन बिगरशेती करायची म्हटली तर गिऱ्हाईक मागे हटतं.

कायद्यानं ही जमीन संपादित होत नाही. १८८५ चा तार कायदा आणि २००३ चा वीज कायदा यांच्या आधारे आजवर फक्त वापराचा हक्क घेतला गेला. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, म्हणून कित्येक वर्षं भरपाई म्हणजे फक्त पिकाचं नुकसान असं समजलं जाई. २०१५ मध्ये केंद्रानं पहिल्यांदा जमिनीच्या किमतीचा विचार केला: मनोऱ्याखालच्या जागेला ८५ टक्के, तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाण मनोऱ्यासाठी २०० टक्के आणि पट्ट्यासाठी ३० टक्के झालं. ही सुधारणा मोठी आहे. तरी किंमत कोणती धरायची, हा वाद उरतोच. रेडीरेकनरचा दर आणि बाजारातला दर यांत इथल्या बागायती जमिनीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विरोधाकडे दुर्लक्ष केल्यानं काम लवकर होत नाही, हे गोव्यानं दाखवलं. तमनार प्रकल्पाच्या ४०० केव्ही वाहिनीसाठी मोले परिसरातलं जंगल तुटणार म्हणून २०२० मध्ये लोक रस्त्यावर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नवा पट्टा तोडण्याऐवजी जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून जाण्याचा पर्याय पुढे आला. तो पर्याय पहिल्याच दिवशी टेबलावर असता तर वर्षं वाचली असती. जर्मनीत उत्तरेकडचा वारा दक्षिणेतल्या कारखान्यांपर्यंत नेणारी सुमारे ७०० किलोमीटरची वाहिनी ठरली, तेव्हा गावांनी उंच मनोऱ्यांना नकार दिला. शेवटी ती जमिनीखालून न्यायचं ठरलं. खर्च वाढला आणि २०२२ ची मुदत २०२८ वर गेली.

आहे त्या मनोऱ्यांवर

प्रत्येक वेळी नवाच पट्टा लागतो असं नाही. जुन्या मनोऱ्यांवरच्या तारा बदलून जास्त तापमान सोसणाऱ्या, कमी झोळ पडणाऱ्या नव्या तारा ओढल्या की त्याच वाटेवरून जवळपास दुप्पट वीज नेता येते. एचटीएलएस या नावानं त्या ओळखल्या जातात. तार महाग पडते, पण नवा गुंठाही लागत नाही. कोल्हापूरसारख्या दाट बागायती जिल्ह्यात हा पहिला पर्याय असायला हवा. ७६५ केव्हीसाठी बांधलेल्या मनोऱ्यांची पुरी ताकद वापरणं हाही त्यातलाच भाग.

दुसरा उपाय म्हणजे वीज जिथे लागते तिथेच तयार करणं. पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प पूर्ण जोरात असताना पाच अश्वशक्तीच्या सुमारे तेराशे मोटारींना पुरेल एवढी वीज देतो. तो गावच्या ३३ केव्ही उपकेंद्राला जोडला की ती वीज मोठ्या मनोऱ्यांवर चढतच नाही. छपरावरच्या पॅनेलचंही तसंच. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. मात्र एकाच डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, बरीच छपरं जोडली गेली तर दुपारी दाब वाढतो. म्हणून गावातल्या डीपी आणि फिडरची ताकद वाढवणं हेही वीजजाळ्याच्या विस्तारातच मोजायला हवं.

कोल्हापूरच्या दोन खास गोष्टीही आराखड्यात हव्यात. एक पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी तिच्या कितीतरी वर गेली, अनेक उपकेंद्रांत पाणी शिरलं आणि शहरातले अनेक भाग कित्येक दिवस अंधारात राहिले. नवीन उपकेंद्र या दोन पुरांच्या खुणेच्या वर बांधायला हवं. दुसरी गोष्ट पाचट. तोडणीनंतर तारेखाली पाचट पेटवलं की ज्वाळा आणि धुरामुळे हवेतूनच वीज जमिनीकडे झेप घेते आणि मोठी वाहिनी क्षणात बंद पडते. पाचट कुजवलं तर जमिनीचाही फायदा आहे आणि तारेचाही.

आता राहतं ते विश्वासाचं काम, आणि ते खर्चिक नाही. वाहिनीचा नकाशा गटनंबरासह ग्रामसभेत लावा, कंत्राटदाराची गाडी रानात येण्याआधी. जुन्या पट्ट्यातून जाण्याचा पर्याय का घेतला नाही हे लिहून सांगा. पाया, मनोरा आणि तार ओढणी या तिन्ही वेळी पिकाचा वेगळा पंचनामा करा आणि पैसे काम सुरू होण्याआधी खात्यावर जमा करा. तारेखालच्या पट्ट्यासाठी एकदाच पैसे देण्याबरोबर वार्षिक भाड्याचाही विचार सरकारनं करावा. सौर प्रकल्पाला जमीन देणाऱ्याला दरवर्षी भाडं मिळतं. त्याच विजेची वाट ज्याच्या रानातून जाते, त्यालाही ते मिळणं न्यायाचं आहे.

आणि ज्यांच्या रानात मोजणीचे खुंटे लागतील, त्यांना एक विनंती. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. लेखी नोटीस, वाहिनीचा दाब, पट्ट्याची रुंदी आणि भरपाईचा दर या चार गोष्टी कागदावर मागून घ्या. दर मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवा आणि तिची पोच सांभाळून ठेवा.